कोणाचं काय खपतं: ‘सैराट’मधली पात्रं आणि गावची उतरंड

कॉलेजवयीन मुलामुलींच्या प्रेमपटात पात्रांची वाटणी बहुधा आधीच झालेली असते. एक देखणा नायक, एक तोऱ्यातली नायिका, दोन हसवणारे दोस्त आणि मुलीचा एक तापट भाऊ. समाजातले वेगवेगळे गट दाखवायचे असतील तर लेखक या साच्यांना आडनावं चिकटवतो, एखाद्याच्या तोंडी वेगळी बोली घालतो आणि मोकळा होतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२९ एप्रिल २०१६) वरवर पाहता याच साच्यातला आहे. देखणा परश्या आहे, तोऱ्यातली आर्ची आहे, सल्या आणि लंगड्या आहेत, तापट भाऊ प्रिन्स आहे. १७४ मिनिटांच्या या चित्रपटात जातीचा थेट उच्चार मात्र फार थोडा होतो. तरीही कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला पहिल्या काही प्रसंगांतच कळतं. ते कशामुळे कळतं, पटकथेने हे काम कुठल्या पात्राकडून कसं करून घेतलं आणि कुठे हात आखडता घेतला, हे इथे तपासायचं आहे. ताडून पाहायला सोबत त्याची हिंदी आवृत्ती, ‘धडक’ (२० जुलै २०१८).

आधी थोडी पार्श्वभूमी. २०१४ च्या सुरुवातीला सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मराठी चित्रपट आले. ३ जानेवारीला ‘टाइमपास’ आणि १४ फेब्रुवारीला ‘फँड्री’. दोन्हींत खालच्या थरातला पोरगा वरच्या थरातल्या मुलीच्या प्रेमात पडतो. ‘टाइमपास’मधला दगडू परब आणि प्राजक्ता लेले यांच्यातलं अंतर भाषेचं, वस्तीचं आणि संस्कारांचं आहे. ते विनोदाने भरून काढता येतं आणि चित्रपट ते तसं भरूनही काढतो. ‘फँड्री’तल्या कैकाडी कुटुंबातल्या जब्याला ती सोय नाही. आंबेडकर आणि सावित्रीबाई रंगवलेल्या भिंतीसमोरून घरच्यांबरोबर बांधलेलं डुक्कर वाहून न्यावं लागतं, तिथे विनोद शिल्लक राहत नाही. ‘सैराट’ने ‘टाइमपास’चा प्रेक्षक घेतला आणि त्याला ‘फँड्री’चा प्रश्न घातला. म्हणूनच त्यातली पात्रं बांधणं जास्त अवघड होतं. गाण्यांवर नाचायला आलेल्या माणसाला जवळजवळ तीन तास खुर्चीत धरून ठेवायचं आणि तेवढ्या वेळात गावाची रचनाही उभी करायची.

तक्ता कसा मांडायचा

अशा अभ्यासात सहसा पात्रं मोजली जातात. दलित किती, मुस्लिम किती, बायका किती, कोणाच्या वाट्याला किती संवाद आले. मोजणी करावी, पण तिच्यावर थांबू नये. मोजणीत ‘सैराट’ आणि एखादा गुळगुळीत चित्रपट सारखेच दिसू शकतात. त्यापेक्षा पाच रकान्यांचा तक्ता जास्त उपयोगी पडतो.

पहिला रकाना हाकेचा. समोर असताना पात्राला काय म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात. दुसरा हालचालीचा. ते पायी जातं, सायकलवर की बुलेटवर, आणि रस्ता कोण सोडतं. तिसरा दाराचा. कोणाच्या घरात कुठवर शिरता येतं, अंगणापर्यंत की चुलीपर्यंत. चौथा आगळिकीचा, म्हणजे पात्र काय चूक करतं किंवा कुठली मर्यादा ओलांडतं. पाचवा किमतीचा. त्या आगळिकीचं बिल कोण भरतं.

चित्रपट एकदा सलग पाहावा आणि दुसऱ्यांदा थांबवत तक्ता भरावा. किमान दोन प्रसंग असलेलं प्रत्येक पात्र घ्यायचं. वर्गात एवढा वेळ नसेल तर चार प्रसंग पुरतात: क्रिकेटच्या सामन्यातलं भाषण, वर्गातली थप्पड, परश्याच्या घरी पाणी मागण्याचा प्रसंग आणि पोलीस ठाणे. पहिले तीन रकाने सगळे पटापट भरतात. खरी माहिती चौथा आणि पाचवा रकाना शेजारी ठेवल्यावर बाहेर येते.

थप्पड

प्रिन्सची ओळख करून देणारा प्रसंग पाहा. लोखंडे सर वर्गात दलित साहित्यावर बोलत आहेत. प्रिन्स मोबाइलवर बोलत बोलत आत येतो. सर त्याला हटकतात आणि तो भर वर्गात त्यांच्या कानाखाली वाजवतो. पुढे प्रिन्सला शासन होत नाही. उलट सरांनाच पाटलांच्या दारी जावं लागतं, आणि तिथे आर्ची-प्रिन्सचे वडील, गावचे पुढारी तात्या पाटील हे सगळं कौतुकाने, हसत निस्तरतात.

तक्त्यात हा प्रसंग असा बसतो. आगळीक प्रिन्सची, किंमत लोखंडे सरांची. ‘हे पाटील, हे दलित’ असं कोणी म्हणत नाही. आडनाव एक खूण देतं, शिकवण्याचा विषय दुसरी. खरं काम करतो तो त्यानंतरचा शांतपणा. वर्ग उसळत नाही, कॉलेज तक्रार करत नाही आणि प्राचार्य घाबरून सारवासारव करतात. शिक्षण घेऊन, नोकरी मिळवून, व्यासपीठावर उभं राहूनही माणसाची पायरी बदलली नाही, हे त्या शांततेत कळतं. लेखकाने इथे लोखंडे सरांना दोन वाक्यांचं निषेधाचं भाषण दिलं असतं तर प्रेक्षकाला हायसं वाटलं असतं आणि प्रसंग मेला असता.

एक कसोटी इथे लावून पाहता येते. पात्रांची जात बदला आणि प्रसंग पुन्हा चालवा. लोखंडेंच्या जागी तात्यांचाच एखादा नातलग शिक्षक असता तर प्रिन्सला घरी दोन शिव्या तरी बसल्या असत्या. म्हणजे जात या प्रसंगाच्या यंत्रणेतच आहे. आडनाव बदलूनही प्रसंग जसाच्या तसा चालत असेल, तर त्या चित्रपटात समाजगट फक्त नेपथ्यात आहे असं खुशाल समजावं.

तात्यांचं पात्रही असंच बांधलेलं आहे. सामन्याच्या वेळच्या भाषणात ते विरोधकाची खिल्ली उडवतात. ज्याला घरातली बाई सांभाळता येत नाही तो तालुका काय सांभाळणार, असा त्यांचा रोख असतो. लोक हसतात. पटकथेच्या हिशोबाने हे फार काटकसरीचं काम आहे, कारण एका टोमण्यात सत्तेची अट सांगून झाली: पुढाऱ्याची पत घरातल्या मुलीवर टांगलेली असते. पुढे आर्ची पळून गेल्यावर तात्यांची राजकीय पत घसरते, तेव्हा हाच टोमणा त्यांच्यावर उलटतो. त्यांचा राग बापाचा आहे की पुढाऱ्याचा, हे वेगळं काढता येत नाही, आणि तसं ते काढता येऊ नये अशीच रचना आहे.

बुलेट, ट्रॅक्टर आणि धैर्याचा उगम

आर्चीबद्दल ‘बिनधास्त मुलगी’ एवढंच लिहिलं जातं. तिच्या ओळीत हालचालीचा रकाना सर्वांत आधी भरतो: बुलेट आणि ट्रॅक्टर. ती विहिरीवर पोरांना हुकूम सोडते, वर्गात परश्याकडे रोखून पाहते, पहिली पावलं तीच टाकते. रिंकू राजगुरू यांच्या कामाची राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली ती उगाच नव्हे.

पण हे धैर्य येतं कुठून? त्यातलं निम्मं तरी पाटलांच्या पोरीचं आहे. रस्त्यात तिला कोणी अडवणार नाही याची तिला खात्री आहे, आणि ती खात्री बापाच्या नावाची आहे. परश्याने तेवढंच रोखून पाहिलं असतं तर? बघण्याची, पुढाकार घेण्याची मुभा कोणाला आहे हे चित्रपट नीट ओळखून आहे. जातीने दिलेली ही मुभा आर्ची जातीविरुद्ध वापरते, हा त्या पात्रातला खरा पेच. ‘स्त्रीप्रधान व्यक्तिरेखा’ एवढ्यावर तिला सोडून दिलं तर हा पेच हातचा जातो.

पोलीस ठाण्यातला प्रसंग या मुभेची शेवटची हद्द दाखवतो. परश्या आणि त्याच्या दोस्तांवर बलात्काराची खोटी तक्रार उभी केली जाते आणि आर्ची तिथेच ते कागद फाडते. पाटलांची मुलगी म्हणूनच ती तिथे कागदाला हात घालू शकते. पण लगेच पुढे पोरांना मार खायला सोपवलं जातं, म्हणजे फाडलेल्या कागदाने काही अडलं नाही. इथून पुढे आडनावाचं वजन तिच्या बाजूने नाही, तिच्याविरुद्ध वापरलं जाणार आहे.

पाणी आणि चहा

दाराचा रकाना भरताना दोन प्रसंग शेजारी ठेवावेत. आर्ची परश्याच्या घरी जाते आणि पाणी मागते. परश्याच्या आईची तारांबळ उडते, कारण पाटलांची पोर आपल्या दारात उभी आहे आणि आपल्या भांड्यातलं पाणी पितेय. प्रेमकथेच्या ओघात हा हलकाफुलका, गोड प्रसंग आहे.

शेवटाकडे हैदराबादमध्ये प्रिन्स आणि नात्यातली माणसं आर्ची-परश्याच्या नव्या घरी येतात. आईने पाठवलेल्या भेटी हातात असतात. त्यांना बसवलं जातं, पाहुणचार म्हणून चहा ठेवला जातो. पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: आर्ची-परश्याचा खून होतो, त्यांचं लहान मूल तेवढं उरतं.

गावात रोटी व्यवहार सैल झाला तरी बेटी व्यवहार तसाच घट्ट राहतो, ही गोष्ट समाजशास्त्राच्या पुस्तकात दोन पानं घेते. इथे ती एका तांब्यात आणि एका चहात बसली. पाणी चाललं, लग्न चाललं नाही. दोन्ही वेळा परश्याचं घर यजमान आहे आणि दोन्ही वेळा पाटलांचं घर पाहुणं. पहिल्या पाहुणीने उंबरा ओलांडला म्हणून दुसरे पाहुणे आले.

परश्याला मिळालेला नायकपणा

परश्याचा बाप मासेमारी करणारा. परश्या अभ्यासात बरा, क्रिकेटमध्ये तर गावचा हिरो. अशा घरातल्या पोराला मराठी पडद्यावर बहुतेक वेळा दोनच जागा मिळत आल्या: दयेची किंवा संतापाची. ‘सैराट’ त्याला तिसरी जागा देतो, व्यावसायिक प्रेमपटाच्या नायकाची. स्लो मोशन, पक्ष्यांचे थवे, उजनीच्या बाजूचं मोकळं आभाळ आणि अजय-अतुल यांचं लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेलं सिंफनी ऑर्केस्ट्राचं संगीत. मोठ्या घरच्या नायकासाठी राखून ठेवलेला हा थाट करमाळा तालुक्याच्या मातीतल्या मासेमाराच्या पोराला मिळतो. प्रतिनिधित्व म्हणजे फक्त दुःख दाखवणं नव्हे, कॅमेऱ्याचं लाड करणंही त्यात येतं, हे इथे पटतं. मध्यंतरानंतर हे लाड टप्प्याटप्प्याने काढून घेतले जातात आणि शेवटी तर आवाजच काढून घेतला जातो. रक्तात भिजलेली लहान पावलं उमटतात तेव्हा पार्श्वसंगीत नाही.

हैदराबादचा भाग लांबला अशी तक्रार तेव्हाही झाली. तक्ता भरणाऱ्यासाठी मात्र तोच भाग मोलाचा आहे, कारण तिथे रकाने उलटतात. गावात आर्ची बुलेटवर आणि परश्या पायी. हैदराबादेत झोपडपट्टीतली एक खोली, आसरा देणाऱ्या सुमनअक्कांची डोशाची गाडी, आर्चीचं कारखान्यातलं काम आणि दोघांनाही न येणारी तेलुगू. कष्टाची, गैरसोयीची सवय परश्याला आहे, आर्चीला नाही. आता तो पायरीभर वर आहे, निदान पुरुष म्हणून. आणि तो लगेच तसा वागतोही: संशय घेतो, हात उचलतो. आर्ची घर सोडून निघते.

हा प्रसंग अनेकांना खटकला. नायकाने असं वागायला नको होतं, असं वाटणं साहजिक आहे. पण पात्रलेखनाच्या दृष्टीने चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक निर्णय हाच असावा. दबलेल्या गटातलं पात्र चांगलंच असलं पाहिजे, असा दंडक लेखक स्वतःवर घालून घेतो तेव्हा ते पात्र माणूस उरत नाही, फलक होतो. परश्या जातीच्या उतरंडीत खाली आहे आणि बाई-पुरुषाच्या उतरंडीत वर. दोन्ही खरं आहे. तात्यांच्या भाषणातली ‘बाई सांभाळण्याची’ कल्पना त्याच्याही डोक्यात आहे.

मैत्रीच्या वाट्याला आलेलं

आता जिथे पटकथा कमी पडते तिकडे वळू. सलीम शेख म्हणजे सल्या आणि प्रदीप बनसोडे म्हणजे लंगड्या, ही दोन पात्रं पूर्वार्धाचा प्राण आहेत. सल्याचा धर्म कथेत कुठेही ‘मुद्दा’ होत नाही आणि ते छान आहे. गावातल्या दोस्तीत तो नसतोही. लंगड्याला त्याचे मित्र सर्रास व्यंगावरून हाक मारतात. गावाकडे असंच बोलतात. चित्रपट ते साजूक करत नाही आणि त्याच्या प्रेमात पडण्याच्या धडपडीला स्वतंत्र जागाही देतो. तानाजी गलगुंडे यांनी त्या पात्राला दिलेलं हसू लक्षात राहतं.

पण त्यांचा पाचवा रकाना बघा. आगळीक परश्या-आर्चीची, मार दोघा दोस्तांचा. खोट्या तक्रारीत नावं त्यांचीही. म्हणजे उतरंडीच्या खालच्या बाजूचे सगळेच एकत्र किंमत भरतात, ही नोंद पटकथा करते. पुढे मात्र प्रेमी हैदराबादला जातात आणि हे दोघे कथेतून जवळजवळ पुसले जातात. गावात परतल्यावर त्यांच्यावर काय गुदरलं? पाटलांनी त्यांना सोडलं का? सल्याच्या घरच्यांना तर कथेत जवळपास जागाच नाही. परश्याच्या आईबापाला गाव सोडावं लागतं आणि बाप जातपंचायतीपुढे गयावया करतो. तो प्रसंग आहे म्हणूनच दोस्तांच्या बाबतीतली पोकळी जास्त जाणवते. आर्चीच्या आईचंही तसंच. शेवटच्या भेटी तिच्या नावाने येतात, पण तिला त्यातलं काय ठाऊक होतं याचा पत्ता लागत नाही. हे दोष चित्रपटाच्या थोरवीला बाधा आणत नाहीत, पण नायकाच्या दोस्तांना मध्यंतरानंतर विसरायची प्रेमपटांची जुनी खोड ‘सैराट’लाही चुकली नाही, हे लिहून ठेवायला हवं.

‘धडक’ला काय झालं

‘सैराट’च्या कन्नड, पंजाबी, ओडिया आणि बंगाली आवृत्त्या निघाल्या, पण चर्चा झाली ती शशांक खेतान यांच्या ‘धडक’ची. कथा तीच, संगीतकार तेच, ‘झिंगाट’ही हिंदीत आलं. गाव जाऊन उदयपूर आलं, हैदराबादऐवजी कोलकाता. नायक मधुकरच्या बापाचं रेस्टॉरंट आहे, नायिका पार्थवीचा बाप धनाढ्य घराण्यातला पुढारी.

तोच तक्ता इथे भरला की अडचण दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातच दिसते. मासेमारी आणि पाटीलकी यांच्यातलं अंतर रेस्टॉरंट आणि हवेली यांच्यात उरत नाही. शहरात पर्यटकांच्या पैशावर चालणारं बरं घर आणि त्याहून मोठं घर, एवढाच फरक. मधुकरच्या घरी पार्थवीने पाणी प्यायलं तर त्यात धक्का कसला? मग बापाच्या रागाला आधार उरतो तो खानदानाच्या प्रतिष्ठेचा आणि निवडणुकीचा. जातीचा उल्लेख येतो, पण त्याला धरून ठेवणारे प्रसंग नसल्याने तो ऐकू येतो आणि विरून जातो.

सर्वांत मोठा बदल शेवटचा. ‘सैराट’मध्ये आर्ची आणि परश्या दोघांनाही मारतात, मूल उरतं. ‘धडक’मध्ये मधुकर आणि मूल मारले जातात, पार्थवी उरते. धक्क्याच्या मापाने दुसरा शेवट अधिक क्रूर म्हणता येईल, कारण मूलही जातं. पण किमतीचा रकाना वेगळंच सांगतो. ‘सैराट’मध्ये पाटलांचं घर स्वतःच्या मुलीचा जीव घेतं, म्हणजे प्रतिष्ठेपुढे रक्ताचं नातंही मोजलं जात नाही. ‘धडक’मध्ये मुलगी वाचते आणि बिल पूर्णपणे परक्या बाजूवर पडतं. पहिल्यात मुलीवरची मालकी हा विषय राहतो, दुसऱ्यात तो एका तरुणीचं दुःख होतो. अभिनय, चित्रीकरण, लोकेशन यांवर ‘धडक’वर टीका झाली, पण घोटाळा त्याआधी, पात्रांच्या बापांचे धंदे ठरवताना झाला होता.

तक्ता भरताना हमखास चुकतं ते

आडनावावरून पात्राची जात ठरवून मोकळं व्हायची घाई होते. आडनाव खूण आहे, पुरावा नाही. कितीतरी आडनावं अनेक जातींत आढळतात. वागणूक आणि परिणाम यांचा आधार मिळाल्याशिवाय नोंद पक्की करू नये.

नटाची जात आणि पात्राची जात यांची गल्लत तर सर्रास होते. चित्रपट गाजल्यावर कलाकारांच्या घरांचे पत्ते काढून ‘म्हणजे खरं तर उलटंच आहे’ असे निष्कर्ष काढले गेले. नवख्या, त्याच भागातल्या मुलांना घेतलं ही निर्मितीतली महत्त्वाची गोष्ट आहे, कारण बोली आणि चाल त्यातून आली. पात्राच्या रकान्यात मात्र तिला जागा नाही.

अनेक प्रसंग असलेलं पात्र आणि दोनच प्रसंगांत झळकून गेलेलं पात्र एकाच मापाने तोलायचं नाही. लोखंडे सरांसारखं छोटं पात्र पूर्ण रचना उघडी करू शकतं, तर वाक्यावाक्याला ‘आमच्यात असं चालत नाही’ म्हणणारा एखादा काका काहीच सांगत नाही. अशा काकांची ओळ तक्त्यात ठेवावी, पण पाचवा रकाना रिकामा राहिला तर तो ओढूनताणून भरू नये. तिथे फुली मारून पुढच्या पात्राकडे जावं.